‘तिला’च्या वाक्यांत अडकलेली नायिका

तुझा प्रश्न दोनदा वाचला. (वयाने माझ्या भाचीएवढी असशील असं धरून ‘तू’ म्हणते आहे, राग मानू नकोस.) तू लिहिलंस ते थोडक्यात असं: ‘ॲम्नेशिया’ ही ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) दोन रात्री जागून संपवली, बारावा भाग पाहून हिरमोड झाला, कारण पाच नायकांच्या गराड्यात नायिका शेवटपर्यंत नुसती बघत राहते. मैत्रीण म्हणाली, ‘जपानी मुली अशाच असतात, त्यांच्या दृष्टीने तो शेवट बरोबरच आहे.’ आणि मग जाता जाता, शेवटच्या दोन ओळींत, तू खरं दुखणं सांगितलंस. तू स्वतः एक प्रेमकथा लिहिते आहेस, चौदा प्रकरणं झाली आहेत, आणि वाचणाऱ्या दोघींनी तुझ्या नायिकेला ‘मठ्ठ’ म्हटलं. ‘गप्प नायिका लिहिणं ही चूक आहे का?’ असं तू विचारलं आहेस.

नाही, चूक नाही. पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरते आहेस. नायिका गप्प असणं वेगळं आणि कथेत गैरहजर असणं वेगळं. ‘ॲम्नेशिया’तली मुलगी गप्प आहे म्हणून शेवट पडला नाही. ती गैरहजर आहे म्हणून पडला. तुझी नायिका यांपैकी कोणती, हे प्रकरणं न वाचता मला सांगता येणार नाही. तू पाठवलेल्या सारांशावरून अंदाज आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की सोळा वर्षं मी दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहिते आहे. सोशिक नायिका हा आमच्या धंद्याचा पाव-वडा. ॲनिमे मी भाचीमुळे बघायला लागले, त्यामुळे त्यातली तज्ज्ञ मी नव्हे. नायिका कुठे हरवते हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः दोन-तीन हरवल्या आहेत.

मैत्रिणीचं म्हणणं आधी निकालात काढू. ‘जपानी मुली अशाच’ हे उत्तर सोपं आहे आणि साफ चुकीचं आहे. ज्या देशात रियोको इकेदा यांनी १९७२ साली पुरुषी गणवेशातली, तलवार घेऊन फ्रेंच राज्यक्रांतीत उतरणारी ऑस्कर मुलींच्या साप्ताहिकात उभी केली, त्या देशाला ठाम बाई लिहिता येत नाही असं कोण म्हणेल? तिथल्या मुलींच्या मांगांमध्ये, म्हणजे चित्रकथांमध्ये, प्रेमाची कबुली देणं, ज्याला ते ‘कोकुहाकु’ म्हणतात, हा एक ठळक, ठरवून करायचा प्रसंग असतो, आणि तो बऱ्याचदा मुलगीच करते. तेव्हा संस्कृतीवर खापर फोडायला नको. ‘ॲम्नेशिया’चं दुखणं तिच्या जन्मात आहे.

ती मुळात खेळ आहे. ‘ओतोमे’ म्हणजे कुमारिका, आणि ‘ओतोमे गेम’ म्हणजे मुलींसाठीचा प्रेमकथेचा खेळ. १९९४ साली कोएई कंपनीच्या ‘अँजेलिक’पासून ही जात सुरू झाली असं मानतात. ‘ॲम्नेशिया’ ऑगस्ट २०११मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलवर आली, ‘ओतोमेट’ या ब्रँडखाली. अशा खेळात पडद्यावर मजकूर आणि चित्रं येत राहतात, मध्येच थांबून खेळ तुला विचारतो: आता काय करशील? खरं सांगशील की लपवशील? त्याच्याबरोबर जाशील की घरी? तू बटण दाबतेस, त्यानुसार समोरच्या नायकाचं प्रेम, विश्वास आणि संशय वरखाली होतात आणि शेवट बदलतो. गोड शेवट असतात, बरे असतात, आणि अंगावर काटा आणणारेही असतात.

आता बघ, या रचनेत नायिकेला नाव नाही, फारसे संवाद नाहीत, मतं तर नाहीतच. का? कारण नायिका तू आहेस. ती खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली आहे, खेळणारीने बसावं म्हणून. ‘ॲम्नेशिया’च्या लेखकांनी तर त्यावर फार हुशार युक्ती केली. ओरियन नावाचा आत्मा तिच्यावर आदळतो आणि तिची स्मृती जाते. म्हणजे खेळणारीला जेवढं माहीत, तेवढंच तिलाही माहीत. सुरुवातीला बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांपैकी कोणतं जग घ्यायचं तेही खेळणारीच ठरवते, आणि प्रत्येक जगात प्रियकर वेगळा: शिन, इक्की, केंट की तोमा. ती चारही पार झाल्यावर जोकरचं जग उघडतं, म्हणजे उक्यो. तेव्हा खेळात नायिका मुळीच निष्क्रिय नाही. तिचे सगळे निर्णय पडद्याच्या अलीकडे बसलेली मुलगी घेते आहे, एवढंच.

जानेवारी ते मार्च २०१३मध्ये ब्रेन्स बेस या स्टुडिओने त्याची बारा भागांची ॲनिमे केली. योशिमित्सु ओहाशी दिग्दर्शक. हा स्टुडिओ काही ऐरागैरा नाही, ‘नात्सुमे युजिन्चो’ या ॲनिमेचे पहिले चार हंगाम त्यांचेच. पण झालं काय? बटणं काढून घेतली. खुर्चीतून खेळणारी उठली, आणि तिच्या जागी कुणालाच बसवलं नाही. उरली ती रिकामी खुर्ची, सुंदर कपडे घातलेली.

मग त्या खुर्चीला जगामागून जग फिरवायचं कसं? खेळात ही जगं पर्यायी होती, यातलं घे नाहीतर ते घे. ॲनिमेने ती एकामागोमाग एक लावली. एका जगात काहीतरी विपरीत घडतं, तिचे डोळे मिटतात, उघडतात तेव्हा पुन्हा १ ऑगस्ट आणि प्रियकर बदललेला. प्रत्येक नायकाला दोन-तीन भाग. जरा कुठे केंटसारख्या गणिती डोक्याच्या मुलाचं अवघडलेपण आपल्याला आवडायला लागतं, तोच पाटी कोरी. म्हणजे खेळात चारही जगांना आपापले शेवट होते, ते ॲनिमेने कापले, आणि पाचव्या जगाच्या शेवटावर सगळ्यांचं ओझं टाकलं. तो वाकणारच होता.

तो शेवट आठव. उक्यो तिला एकीकडे सावध करतो, दुसरीकडे जिवावर उठतो. असं का, हे कोण सांगतं? तोच सांगतो. त्याच्या मूळ जगात ती मेलेली होती, तिला पुन्हा भेटावं अशी इच्छा त्याने निल नावाच्या आत्म्याकडे मागितली आणि तिथून सगळा गोंधळ झाला. कल्पना वाईट नाही. खरं सांगायचं तर करुण आहे. पण मोजून बघ: इच्छा कुणाची? त्याची. पूर्ण कुणी केली? निलने. घोळ कुणामुळे? ओरियनमुळे. सुटका कशी? त्याची कबुली आणि आत्म्यांची मदत. आणि पाचांपैकी अमुक एक तिने निवडला, असं मालिका म्हणतच नाही. तिच्या जागी पोस्टाचं पार्सल ठेवलं असतं तरी कथा हलली असती. पत्ता चुकून आलेलं पार्सल, पाच घरं फिरून, मूळ पत्त्यावर परत.

यात एक व्यवहाराची बाजूही आहे. पाच नायक म्हणजे पाच चाहतीवर्ग, पाच जणांच्या चित्रांचा माल. ॲनिमेचा हंगाम बारा-तेरा भागांचा आणि मागे खेळ विकायचा. अशा वेळी एकाला निवडणं म्हणजे चौघांच्या चाहत्यांना दुखावणं. हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडे दोन नायकांच्या ट्रॅकमध्ये (कथानकाच्या धाग्यात) चॅनलकडून निरोप यायचा: ‘इतक्यात ठरवू नका, दोन्ही बाजूचा प्रेक्षक टिकू दे.’ न ठरवण्याचेही पैसे मिळतात. फक्त ते शेवटच्या भागात व्याजासकट फेडावे लागतात.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हिरमोड होणं-न होणं बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. माझ्या भाचीने आधी खेळ खेळला होता, तिला ॲनिमे आवडली. ती त्या खुर्चीत स्वतःच्या आठवणी घेऊनच बसली होती, आपला तोमा हलताबोलताना बघणं हेच तिला पुरेसं होतं. एखादीला कपड्यांची ती पत्त्यांसारखी नक्षी आवडते, एखादीला यानागी नागी या गायिकेचं सुरुवातीचं गाणं. आणि कुणी म्हणेल, स्मृतीच गेलेली मुलगी ठाम कशी असेल? मुद्दा रास्त आहे. पण मला तो पुरता पटत नाही. स्मृती गेली म्हणजे आवडनिवड जात नाही, भूक जात नाही, हट्ट जात नाही. उलट ज्याला कालचं काही माहीत नाही तो माणूस जास्त धडपडेल: फोन उघडेल, घर धुंडाळेल, खोटं बोलेल आणि पकडला जाईल. ती मुलगी ओरियनच्या सांगण्यावरून स्मृतिभ्रंश लपवते. केवढी मोठी जागा होती ही! लपवणं हीसुद्धा कृती आहे. तिच्या त्या लपवण्यामुळे कुणाचं तरी काहीतरी कायमचं बिघडायला हवं होतं, आणि ते तिला निस्तरावं लागायला हवं होतं.

आता माझी पद्धत सांगते. ही मी कुठे शिकले नाही, एका अपयशानंतर सापडली.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मालिकेत नायिका, नवरा आणि जुना मित्र असा ट्रॅक होता. सहा महिने चालला. शेवटी आम्ही मित्राला अपघातात मारलं आणि ती नवऱ्याकडे राहिली. प्रेक्षकांनी इतके शिव्याशाप दिले की विचारू नकोस, आणि गंमत म्हणजे मित्र मेला म्हणून नव्हे. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘अहो, तिला विचारा तरी एकदा!’ त्या रात्री मी जुने एपिसोड काढले आणि लाल पेन घेऊन बसले. नायिकेची सगळी वाक्यं ‘तिला’ने सुरू होत होती. तिला कळतं. तिला धक्का बसतो. तिला रडू येतं. तिला घरी आणलं जातं. तिला आठवतं. आपली मराठी मोठी चलाख भाषा आहे, मनात जे आपोआप घडतं ते ती ‘ला’ लावून सांगते आणि माणूस जे करतो ते ‘ने’ लावून. ‘तिने’ची वाक्यं शोधत गेले, तर तिने चहा केला, तिने दार उघडलं, तिने फोन उचलला. तीन रिॲक्शन शॉट आणि एक चहा, हा आमच्या नायिकेचा पूर्ण दिनक्रम.

तेव्हापासून कुठलीही कथा आली की मी ही मोजणी करते. तूही तुझी चौदा प्रकरणं घे. ‘तिला’ची वाक्यं एका रंगात, ‘तिने’ची दुसऱ्या. चहा-दार-फोन धरायचे नाहीत. धरायचं ते असं ‘तिने’, ज्याच्यानंतर गोष्ट मागे फिरवता येत नाही.

‘तिला’ वाईट आहे असं मात्र समजू नकोस. प्रेम मुळात ‘तिला’चंच आहे: तिला तो आवडतो. (जपानीतही ‘सुकी’ची रचना अशीच, आवडणारा माणूस ‘गा’ हा प्रत्यय लावून येतो, प्रेम करण्याचं क्रियापद फारसं कुणी वापरत नाही.) प्रेमकथा म्हणजे ‘तिला आवडतो’पासून ‘तिने सांगितलं’पर्यंतचं अंतर. ते अंतर कुणी कापलं, यावर शेवट उभा राहतो.

याचं सुंदर उदाहरण जपानीतच आहे, आणि नेमकं गप्प मुलीचं. ‘किमी नी तोदोके’ची सावाको. करुहो शिना यांची मांगा, ॲनिमेचा पहिला हंगाम ऑक्टोबर २००९ला सुरू झाला. सावाको इतकी अबोल की वर्गातली मुलं तिला भुताच्या सिनेमातल्या सादाकोच्या नावाने हाक मारतात. तुझ्या ‘ॲम्नेशिया’च्या नायिकेपेक्षा लाजरी असेल, कमी नाही. पण तिची प्रतिस्पर्धी कुरुमी गोड बोलून तिच्याकडे येते आणि काझेहायाला, म्हणजे सावाकोला आवडणाऱ्या मुलालाच, मिळवायला मदत कर म्हणते, तेव्हा सावाको नाही म्हणते. आवाज चढत नाही, टाळ्यांचं वाक्य नाही. फक्त मला ते जमणार नाही, एवढंच. ते एक छोटं ‘तिने’ आहे आणि त्याने पुढचे अनेक भाग तोलून धरले आहेत.

त्याहून मला आवडतं ते दुसऱ्या हंगामातलं चॉकलेट. व्हॅलेंटाइनला सगळ्यांना देते, काझेहायासाठी केलेलं मात्र तिच्याकडून दिलं जात नाही. हे तर न करणंच झालं, म्हणजे शुद्ध निष्क्रियता! पण लेखिकेने ते हिशेबात धरलं. त्या न दिलेल्या चॉकलेटमुळे त्याचा गैरसमज होतो, अंतर पडतं, आणि शाळेच्या उत्सवात तिला ते अंतर स्वतःच्या पायांनी कापावं लागतं. म्हणून ती कबुली आपल्याला गोड लागते. आधी उधारी झाली होती, ती फेडलेली आपण डोळ्यांनी पाहिली. नायिका काही करत नसली तरी चालतं, पण तिच्या काही न करण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागली पाहिजे.

आणि पाच नायकांची अडचण म्हणशील, तर ती आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातली दमयंती आठव. स्वयंवरात माळ घेऊन येते तर समोर पाच नल: एक खरा, आणि इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चार देव नलाचं रूप घेऊन बसलेले. ‘ॲम्नेशिया’च्या लेखकाने इथे एखादा आत्मा पाठवून तिची सुटका केली असती. दमयंती काय करते? ती देवांनाच साकडं घालते की मी मनाने नलाला वरलं आहे, तुमची खरी रूपं दाखवा. आणि मग बघते. चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगावर घाम नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचवा घामेजलेला, धुळीचा, त्याची सावली पडते आहे. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. दैवी मदत तिलाही मिळाली, पण ती मागितली तिने आणि ओळखलं तिने. पुढे नल तिला रानात टाकून जातो, तेव्हाही ती त्याला परत आणण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी पेरते. या बाईला अख्ख्या आख्यानात चढा आवाज काढावा लागत नाही.

आता तुझी कथा. सारांशात तू लिहिलंस की शेवटी दुसरा मुलगा मनाचा मोठेपणा दाखवून बाजूला होतो आणि पहिल्याचा मार्ग मोकळा होतो. तुझ्या मैत्रिणी तिला मठ्ठ म्हणतात ते मला वाटतं याच जागेमुळे. हा त्यागाचा शेवट आम्ही मालिकावाल्यांनी इतका वापरला आहे की त्याची पार चिंधी झाली. तो गोड दिसतो, पण त्यात मुलीचा व्यवहार दोन मुलांनी आपसात मिटवलेला असतो. तुला तो शेवट बदलायचा नसेल तर नको बदलू. दुसऱ्याला बाजूला होऊ दे, पण तिने त्याला आधी नकार दिलेला असू दे. किंवा उलट, त्याचा त्याग तिने नाकारू दे, ‘माझ्या वतीने ठरवू नकोस’ म्हणून. नाहीतर तिसरं, जे मला सगळ्यात आवडेल: मधल्या कुठल्यातरी प्रकरणात तिने चुकीचा निर्णय घेऊ दे. चुकलेली नायिका प्रेक्षकांना नको असते, असं मला चॅनलवर सोळा वर्षं ऐकवलं गेलं. माझा अनुभव उलटा आहे. चुकलेल्या नायिकेवर लोक चिडतात, पण तिची वाट बघतात. न चुकणारीवर ते चिडतही नाहीत, चॅनल बदलतात.

शेवटाची डागडुजी शेवटी होत नाही, हेही लक्षात ठेव. बाराव्या भागात नायिकेच्या तोंडी एखादं तडफदार भाषण घालून काही उपयोग नसतो, मी घातलेलं आहे. आधी अकरा भाग जी बोललीच नाही, ती अचानक बोलली की प्रेक्षकाला लेखकाचा आवाज ऐकू येतो. बी पेरायचं ते तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, आणि ते अगदी बारीक असलं तरी चालतं. एक नकार, एक लपवलेली गोष्ट, न दिलेलं एक चॉकलेट.

आणि ती बोलकी करायची घाई नको. तुझ्या सारांशात मला एकच वाक्य जिवंत वाटलं: भर पावसात ती स्टँडवर उभी असते, दुसरा मुलगा म्हणतो मी सोडतो, आणि पुढच्याच ओळीत ते दोघं रिक्षात बसलेले असतात. मधली ओळ तू खाल्लीस. तीच मला हवी आहे. ती त्याच्याबरोबर जायला का तयार झाली, पहिल्याला तिने फोन केला होता का, की मुद्दाम केला नाही? संवाद एकही नको. फक्त ती रिक्षा त्याने थांबवली की तिने, ते ठरव आणि तेवढं पान पुन्हा लिहून मला दाखव.